कोल्हापुरातच राहून वेबसाईटचं काम सुरू केलंय, दर कसा लावायचा आणि गिऱ्हाईक कसं धरायचं?

गंगावेसवाला
मंडळी नमस्कार. पुण्यात हिंजवडीला ४ वर्षं फ्रंटएंडचं, म्हणजे साईटच्या दिसणाऱ्या भागाचं, काम केलं, वडलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि घरात बघायला दुसरं कुणी नाही म्हणून नोकरी सोडून परत आलो. आता पुण्याला जायचं नाही हे मनात पक्कं आहे. वरच्या खोलीत टेबल टाकलंय, फायबरचं कनेक्शन घेतलंय आणि आपल्याच भागातल्या छोट्या धंदेवाल्यांच्या वेबसाईट करून द्यायच्या असं ठरवलंय. ६ महिने घर चालेल एवढे पैसे बाजूला होते, त्यातले २ महिने संपत आले.

आत्तापर्यंत दोन कामं झाली. एक मावसभावाच्या दवाखान्याचं, त्याचे पैसे घेतले नाहीत. दुसरं अंबाबाईच्या देवळाजवळच्या एका यात्री निवासाचं, ५ पानं ८,००० रुपये असं तोंडी ठरलं. मग खोल्यांचे फोटो बदला, मग बुकिंगचा फॉर्म पायजे, मग इंग्लिशबरोबर मराठी पण पायजे, मग मालकांच्या मुलीला रंग आवडला नाही, असं करत करत बरेच आठवडे गेले. मालक चांगला माणूस आहे, पैसे पण दिले, भांडण काही नाही. पण मी तास लिहून ठेवले होते ते ७० भरले.

तर मला खरंच समजून घ्यायचंय की इथं राहून हे काम करणारे लोक दर कसा ठरवतात, पहिली दहा गिऱ्हाईकं कुठनं आणली, आणि कागदपत्रं कुठली लागतात. कोडिंग येतंय, धंदा येत नाही. स्पष्ट बोललात तरी चालेल.

उद्यमनगरी
स्वागत भावा. मी २०१२ पासून हेच करतोय आणि सुरवातीची ३ वर्षं पाच पानं आठ हजार हेच केलं, म्हणून सांगतो. बाजारात काय दर चाललाय हे आधी विचारू नको, तुला काम केवढ्याला पडतंय ते काढ.

घरखर्च महिन्याला २५,००० धर. नेट, लाईट, लॅपटॉपची झीज, सॉफ्टवेअर मिळून ५,०००. आणि १०,००० बाजूला पडलेच पायजेत, आजारपण आहे, रिकामा महिना आहे, उद्याचा लॅपटॉप आहे. झाले ४०,०००. आता तास बघ. दिवसाला ८ तास बसलास तरी गिऱ्हाईकाच्या कामाचे त्यातले ४ च निघतात, बाकीचे फोन, कोटेशन, शिरोलीला जाऊन येणं, नवीन काही शिकणं, बिलाची आठवण करणं यात जातात. २५ दिवस धरले तर १०० तास. म्हणजे ताशी ४०० रुपये हा तुझा तळ. त्याच्या खाली गेलास की बाजूला ठेवलेल्या पैशातनं तूच गिऱ्हाईकाला पैसे देतोयस. तुझ्या यात्री निवासाचे ताशी ११४ पडले बघ.

मजकूर आणि फोटो वेळेत मिळाले तर ५ पानांच्या साध्या साईटला मला ४५ ते ५० तास लागतात, म्हणून मी १८ ते २० हजार सांगतो. गिऱ्हाईकाला तासांचा हिशेब दाखवत बसत नाही, त्याला काय काय मिळणार ते लिहून देतो आणि एकच आकडा सांगतो. आणि "काय काय मिळणार नाही" हे पण त्याच कागदावर लिहितो. पानं किती, भाषा किती, बदलाच्या फेऱ्या २, तिसऱ्या फेरीपासून वेगळे पैसे, मजकूर कोण देणार, फोटो कोण काढणार. तुझे ७० तास गेले ते कोडिंगमधे गेले नाहीत, हे लिहिलेलं नव्हतं म्हणून गेले.

लक्ष्मीपुरी_पेठ
मी दुकानदार आहे, त्या बाजूनं बोलतो, राग मानू नका. २० हजार कोण देतंय ओ? माझं भांड्यांचं होलसेल आहे, सगळी ऑर्डर व्हॉट्सॅपवर येते, फोटो टाकला की सांगली-निपाणीपासून फोन येतात. आजकाल एआयला सांगितलं की फुकट साईट बनवून देतंय म्हणतात. मग मी वेबसाईट कशाला करू?

उद्यमनगरी
राग कशाचा. तुमचं गिऱ्हाईक तुम्हाला ओळखतंय आणि व्हॉट्सॅपवर खूश आहे तर तुम्हाला वेबसाईट नको, मी स्वतः तुम्हाला तेच सांगेन. व्हॉट्सॅप बिझनेसवर कॅटलॉग भरा, गुगल बिझनेस प्रोफाईल करा, दोन्ही फुकट आहे. गुगलवर दुकानाची खरी वेळ, सुट्टीचा वार, नकाशावर बरोबर जागची खूण आणि बऱ्यापैकी १५-२० फोटो एवढं असलं तरी लई फरक पडतो.

गंगावेसवाला, हे तुझ्यासाठी पण आहे. ज्याला गरज नाही त्याला "तुम्हाला नको" असं सांग. मी एका हार्डवेअरवाल्याला असंच परत पाठवलं, गुगल प्रोफाईल बसल्या बसल्या करून दिली, त्यानं पुढच्या दोन वर्षात मला तीन गिऱ्हाईकं आणून दिली. आपलं गाव असं आहे की मिरजकर तिकटीला बोललेलं संध्याकाळी रंकाळ्यावर पोचतं, चांगलं पण आणि वाईट पण.

एआयबद्दल म्हणाल तर मी पण वापरतो, कच्चा आराखडा लवकर होतो. पण मालकाला समोर बसवून "तुमच्याकडं येणारा माणूस पहिल्यांदा काय विचारतो" हे काढून घेणं, डोमेन म्हणजे साईटचं नाव, ईमेल, पेमेंट हे सगळं एकमेकाला जोडून चालू ठेवणं आणि दोन वर्षांनी काही बिघडलं तर फोन उचलणं, ह्याचे पैसे आहेत.

पापाची_तिकटी
मी बहुतेक वेळा फक्त वाचत असते पण इथं लिहावंसं वाटलं. आमचं चपलांचं दुकान, सासऱ्यांच्या वेळेपासनं. कोल्हापुरी चपलेला २०१९ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तेव्हा मिस्टरांनी हौसेनं वेबसाईट करून घेतली, डॉट कॉम नाव घेतलं दुकानाचं. ज्या मुलानं केली त्यानं डोमेन स्वतःच्या ईमेलवर घेतलं होतं, आम्हाला त्यातलं काय कळतंय, आम्ही पैसे दिले आणि विसरलो. तीन वर्षं व्यवस्थित चाललं. मग तो परदेशात गेला, नंबर बदलला, आणि एक दिवस साईट बंद. नाव रिन्यू झालं नव्हतं. आम्हाला कळेपर्यंत मुदत उलटून गेली होती आणि ते नाव दुसऱ्याच कुणीतरी उचललं. पिशव्यांवर, बॉक्सवर, दुकानाच्या पाटीवर सगळीकडं ते नाव छापलेलं.

वाईट ह्याचं वाटलं की २०२५ च्या जूनमधे मिलानच्या फॅशन शोमधे प्राडानं आपल्यासारखी चप्पल दाखवली, सगळ्या पेपरात, टीव्हीवर कोल्हापुरी चप्पल, बाहेरचे लोक शोधत होते, आणि आमच्या पाटीवरचं नाव टाकलं की भलतंच काहीतरी उघडत होतं. त्या मुलाबद्दल मनात राग नाही, त्याला पण कुणी सांगितलं नसणार. पण तुम्ही नवीन लोक काम सुरू करताय तर एवढं करा, नाव मालकाच्या नावावर घ्या.

गंगावेसवाला
ताई, हे वाचून खरंच पोटात गोळा आला, कारण यात्री निवासाचं डोमेन मी माझ्याच अकाऊंटमधनं घेतलंय. सोयीचं पडतं म्हणून. उद्याच बघतो.

इचलकरंजी_कोडर
ताईंनी लिहिलंय ते मी किमान पाच-सहा गिऱ्हाईकांकडं बघितलंय. डॉट कॉमचं साधारण असं असतं, मुदत संपली की आधी काही दिवस नेहमीच्या दरात रिन्यू करता येतं (किती दिवस ते रजिस्ट्रारवर, म्हणजे जिच्याकडनं नाव घेतलं त्या कंपनीवर आहे), मग ३० दिवस रिडेम्प्शन, त्यात मिळतं पण दंड भरून, मग ५ दिवस काहीच करता येत नाही, आणि मग नाव मोकळं. मोकळ्या होणाऱ्या नावांवर टपून बसलेले लोक आहेत, चांगलं चाललेलं नाव त्यांना लगेच दिसतं.

मी काय करतो सांगतो. पहिल्याच भेटीत मालकाच्या फोनवर, त्याच्या नंबरवर, त्याच्या ईमेलवर रजिस्ट्रारचं अकाऊंट उघडायचं, पैसे त्याच्याच यूपीआयनं भरायचे, पासवर्ड त्याच्या घरातल्या वहीत त्याच्या हातानं लिहून घ्यायचा. मला फक्त डीएनएस, म्हणजे नाव कुठल्या सर्व्हरकडं जातं ते, बदलायपुरता प्रवेश. तुझं डोमेन आत्ता तुझ्याकडं आहे तर त्याच रजिस्ट्रारवर त्यांचं अकाऊंट उघडून आतल्या आत ढकल, ते बहुतेक ठिकाणी लगेच होतं. दुसऱ्या रजिस्ट्रारकडं न्यायचं म्हटलं तर आधीच्या रजिस्ट्रारकडनं ऑथ कोड (नाव हलवायचा गुप्त कोड) घ्यावा लागतो आणि नवीन घेतलेलं नाव ६० दिवस हलवता येत नाही.

एक माणूस मला म्हणाला होता की डोमेन आपल्याकडं ठेवलं की गिऱ्हाईक पळून जात नाही. मला हे अजिबात पटत नाही. लोकाच्या दुकानाची किल्ली आपल्या खिशात ठेवून धंदा करायचा नाही.

उद्यमनगरी
एकदम बरोबर. आणि पैसे अडकू नयेत म्हणून किल्ली धरून ठेवायची गरजच पडत नाही, हप्ते नीट लावले तर. माझे ४० टक्के काम सुरू करायच्या आधी, ४० डिझाईन पसंत झालं की, २० साईट चालू करायच्या आधी. आधी, नंतर नाही. साईट एकदा चालू झाली की शेवटच्या पैशाची घाई फक्त आपल्याला असते.

कागदावर अजून एक ओळ घालायची. आपल्या कॉपीराईट कायद्यात, १९५७ च्या, आपण कुणाच्या नोकरीत नसताना केलेल्या डिझाईनची आणि कोडची पहिली मालकी सहसा आपलीच राहते, लेखी दिल्याशिवाय ती गिऱ्हाईकाकडं जात नाही. म्हणून मी लिहितो की पूर्ण पैसे मिळाले की सगळे हक्क तुमचे, कायमचे आणि सगळीकडं. "कायमचे, सगळीकडं" हे मुद्दाम लिहायचं, कारण मुदत लिहिली नाही तर कायदा ५ वर्षं धरतो आणि जागा लिहिली नाही तर फक्त भारत. माझी फौंड्रीवाली गिऱ्हाईकं एक्स्पोर्ट करतात, त्यांच्या वकिलानं एकदा हेच विचारलं होतं तेव्हा मला कळलं.

अक्षरवेडी
दर आणि डोमेन झालं, मला मराठीबद्दल बोलायचंय कारण ह्याकडं कोणी बघत नाही आणि खरं तर इथं राहणाऱ्या डिझाईनरची ताकद हीच आहे. मी प्रिंटमधनं आले, लग्नपत्रिका आणि दिवाळी अंकांची मांडणी १० वर्षं केली, मग वेबकडं वळले.

आपल्याकडच्या साईटीत मराठी पान म्हणजे इंग्लिश पान ट्रान्सलेटमधनं काढून चिकटवलेलं. "आमच्याबद्दल अधिक जाणून घ्या", असं कोल्हापुरात कोण बोलतं? यात्री निवासाच्या पानावर "गाडी लावायला जागा आहे, देवळापर्यंत चालत पाच मिनटं, गरम पाणी सकाळी ५ पासून" असं लिहा, लातूर-सोलापूरहून येणाऱ्या माणसाला तेच पायजे असतं. नवरात्राच्या आधी दर आणि आगाऊ रक्कम किती ते स्पष्ट लिहा.

मग अक्षर. एचटीएमएलच्या, म्हणजे पानाच्या कोडच्या, पहिल्या टॅगमधे भाषा एमआर (मराठी) अशी सांगा, इंग्लिशची ईएन तशीच ठेवून देतात सगळे. ज्या फाँटमधे मराठी रूपं भरलेली असतात त्यात ह्या एका गोष्टीमुळं आपला पाकळीचा ल आणि आपला श येतो, नाहीतर हिंदीतला दंडाचा ल दिसतो. टिरो देवनागरीचा तर मराठी, हिंदी, संस्कृत असा वेगवेगळा फाँटच आहे, मराठीवाला घ्या. 'एक टाईप' नावाच्या मंडळींनी केलेला 'मुक्ता' (Mukta) फाँट पण स्वच्छ आहे आणि बारीक ते जाड बरीच वजनं मिळतात. सगळे गुगल फाँट्सवर फुकट आहेत. ओळीतलं अंतर इंग्लिशला १.४ पुरतं, देवनागरीला मी १.७ च्या खाली जात नाही, वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात, बटणात आणि मेनूत तर ते कापलेच जातात. अक्षरांमधलं अंतर वाढवायचा नाद करू नका, शिरोरेषा तुटते.

आणि जुन्या धंद्यांकडं मजकूर मिळतो तो श्रीलिपीत, म्हणजे जुन्या पद्धतीच्या फाँटमधे, टाईप केलेला. तो युनिकोडमधे, म्हणजे वेबवर सगळीकडं चालणाऱ्या अक्षरांत, फिरवून घ्यावा लागतो आणि फिरवल्यावर प्रत्येक ओळ डोळ्यानं वाचावी लागते. "दुसऱ्या" चं "दुसर्या" होतं, "वाऱ्यावर" चं "वार्यावर". हे काम दोन-तीन तास खातं, ते कोटेशनमधे धरा. मी "मराठी मजकूर तपासणी" अशी वेगळी ओळच घालते आणि आजवर कुणी त्यावर घासाघीस केली नाही, आपलं नाव नीट छापून आलेलं सगळ्यांना आवडतं.

गंगावेसवाला
अक्षरवेडी ताई, भाषेचा टॅग मी आत्ताच जाऊन बदलला आणि ल खरंच बदलला! ४ वर्षं फ्रंटएंड केलं पण हे कधी करावंच लागलं नाही कारण सगळी कामं अमेरिकेची.

आता त्यावरनंच विचारतो. बाहेरच्या देशातली गिऱ्हाईकं धरावीत का? पैसे जास्त मिळतात म्हणतात. आणि कर, जीएसटी, टीडीएस ह्याची मला खरंच भीती वाटते.

ताळेबंद
मी एका सीएकडं काम करते. थोडक्यात सांगते, तुमच्या आकड्यांसाठी तुमचा सीए गाठा.

सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, गिऱ्हाईक बेळगावचं असलं तरी. मात्र २० लाख मोजताना परदेशातनं आलेले पैसे पण धरायचे. नोंदणी नसेल तर बिलावर जीएसटी लावायचा नाही. नोंदणी झाली की १८ टक्के, आणि परदेशी कामासाठी एलयूटी (जीएसटी खात्याला द्यायचं हमीपत्र) भरून ठेवला तर त्या बिलावर कर भरावा लागत नाही.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, आजच करा, आधार-पॅनवर होते, सरकारी पोर्टलवर पूर्ण फुकट आहे. गुगलवर शोधलं की पैसे मागणाऱ्या साईटी वर येतात, त्यांच्याकडं जाऊ नका. त्याचा उपयोग असा की २००६ च्या एमएसएमई (छोट्या-मध्यम उद्योगांच्या) कायद्यानं तुमचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसात आणि करार नसेल तर १५ दिवसात द्यावं लागतं, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. आणि आयकरातल्या बदलामुळं मुदत उलटून वर्षअखेरीपर्यंत पण न दिलेलं बिल कंपनीला त्या वर्षाच्या खर्चात धरता येत नाही, त्यामुळं मार्च आला की त्यांचे अकाऊंटंट स्वतः फोन करतात. बिलावर उद्यम नंबर छापा. गुमास्ता, म्हणजे दुकान-आस्थापनेची नोंद, म्हणाल तर २० पेक्षा कमी माणसं असली की आपल्याकडं ऑनलाईन सूचना दिली तरी पुरतं, करंट खातं उघडताना बँक ती पावती मागते. प्रोफेशन टॅक्स वर्षाला २,५००.

आयकरात व्यावसायिकांसाठी अंदाजित उत्पन्नाची सोय आहे, जुन्या कायद्यातलं ४४एडीए. मिळालेल्या रकमेच्या निदान निम्मं उत्पन्न धरायचं, खर्चाच्या पावत्या दाखवत बसायला नको. मर्यादा ५० लाख, आणि रोख ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख. कंपनीनं टीडीएस (बिलातनंच आधी कापलेला कर) कापला तर घाबरू नका, ते पैसे तुमच्याच पॅनवर जमा असतात, आयकर पोर्टलवर जमा दिसतात का ते बघत जा. फक्त हातात कमी येतात हे धरून चाला.

इचलकरंजी_कोडर
परदेशाचं मी सांगतो, माझं निम्मं काम कॅनडा आणि इंग्लंडचं आहे. पैसे बरे मिळतात हे खरं, पण पहिलं काम मिळायला मला ५ महिने लागले, रोज रात्री दोन-तीन प्रपोजल लिहीत होतो. तुझ्याकडं ४ महिने आहेत, म्हणून सगळा जीव त्यात घालू नको. इथलं काम दिवसा, ते रात्री एक तास. पैसे बँकेत आले की पर्पज कोड, म्हणजे पैसे कशाचे आले ते सांगणारा नंबर, नीट टाक, सॉफ्टवेअर कन्सल्टन्सीचा पी०८०२ असतो, आणि बँकेकडनं रकमेचा परदेशी जमा दाखला मागून ठेव, पुढं जीएसटीत लागतो.

पण मला खरं तारलं ते वर्षाच्या मेंटेनन्सनं. नवीन साईटचे पैसे एकदाच येतात, मेंटेनन्सचे दरवर्षी. माझी २६ गिऱ्हाईकं आहेत वर्षाला ६,००० देणारी, म्हणजे १ लाख ५६ हजार, ते बसल्या जागी येत नाहीत पण नक्की येतात. त्यात मी काय करतो ते लिहून दिलंय: दर महिन्याला वर्डप्रेस (ज्यावर साईट चालते तो प्रोग्रॅम), थीम (साईटचं रूप) आणि प्लगिन (जोडलेल्या सोयी) अपडेट, अपडेटच्या आधी बॅकअप आणि तो बॅकअप होस्टिंगच्या बाहेर ठेवणं, वर्षाला चार छोटे बदल, साईट बंद पडली तर त्याच दिवशी बघणं.

का लागतं ते एका प्रसंगावरनं सांगतो. एका यंत्रमाग कारखान्याची साईट माझ्याकडं आली, मालक म्हणाले गुगलवर आमचं नाव टाकलं की जपानी अक्षरं दिसतात. साईट उघडली तर व्यवस्थित, पण गुगलच्या निकालात हजारो जपानी पानं, नकली घड्याळं-पर्स विकणारी. आधीच्या माणसानं पैसे वाचवायला फुकट डाऊनलोड केलेली चोरीची प्रीमियम थीम टाकली होती, दार त्यातच उघडं होतं. जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त साईटी वर्डप्रेसवर आहेत, त्यामुळं असली दारं शोधणारे प्रोग्रॅम चोवीस तास फिरत असतात, कारखाना इचलकरंजीत आहे का इटलीत त्यांना काय त्याचं. साफ करायला ३ दिवस गेले, गुगलच्या सर्च कन्सोलमधनं ती पानं निकालातनं निघायला दोन महिने. म्हणून, थीम एक तर फुकटची अधिकृत घे नाहीतर विकत घे आणि पैसे कोटेशनमधे लाव.

लक्ष्मीपुरी_पेठ
मेंटेनन्स म्हणजे एसीच्या सर्व्हिसिंगसारखं म्हणा की. हे मला आता समजलं. आमच्या लोकांना असं समजावून सांगितलं तर देतील पैसे, "सर्व्हर", "प्लगिन" म्हटलं की वाटतं गंडवतोय.

पापाची_तिकटी
आणि तुम्ही लोक फोटोंना एवढं हलक्यात घेऊ नका. आमच्याकडं कापशी वेगळी, पुकारी वेगळी, शिवण वेगळी, ते फोटोत दिसलंच पायजे. परत मापाचं. बाहेरची माणसं ७ नंबर म्हणजे कुठला ७ विचारतात. नवीन साईटवर आम्ही पायाची सेंटीमीटरमधे लांबी आणि कागदावर पाय ठेवून पेन्सिलनं आखायचं चित्र टाकलं, परत येणाऱ्या चपला खरंच कमी झाल्या. आणि ऑनलाईन पैसे घ्यायचे तर पेमेंट गेटवेवाले परताव्याचे नियम, गोपनीयता, संपर्क ही पानं असल्याशिवाय पास करत नाहीत, हे आम्हाला शेवटच्या दिवशी कळलं, आधी सांगत जा.

उद्यमनगरी
ताई, हे लाखमोलाचं सांगितलंत. फोटो फोनवर काढले तरी चालतात, फक्त ५ एमबीचा फोटो जसाच्या तसा चढवायचा नाही, वेबपी (वेबसाठीचा हलका फोटो प्रकार) करून २०० केबीच्या आत आणायचा. गुगलचं म्हणणं मुख्य भाग अडीच सेकंदात दिसला पायजे, आणि कागल-गारगोटीकडं एका काडीच्या रेंजवर बघणारा माणूस त्याहून जास्त थांबत नाही.

गिऱ्हाईक कुठनं आणायचं हे राहिलं. गंगावेसवाला, एकच धंदा धर. सगळ्यांचं सगळं करतो म्हटलास तर कुणालाच आठवत नाहीस. मी फौंड्री आणि मशीन शॉप धरले, कारण उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथंच आहे आणि मामाच्या कारखान्यामुळं मला ती भाषा कळत होती. त्यांच्या गिऱ्हाईकाला "गुणवत्ता हीच आमची ओळख" वाचायचं नसतं. त्याला बघायचं असतं कास्टिंग किती किलोपासून किती किलोपर्यंत, ग्रे आयर्न का एसजी, महिन्याला टन किती, मोल्डिंग हातानं का मशीनवर, स्पेक्ट्रोमीटर आहे का, पॅटर्न घरात होतं का बाहेर. हे एका पानावर आणि त्याचीच एक पीडीएफ. असं एक काम नीट केलं की शेजारच्या शेडमधला मालक स्वतः बोलावतो. तुझ्याकडं यात्री निवास झालंय, आजूबाजूला तसली किती आहेत बघ की.

गंगावेसवाला
(तीन आठवड्यांनी) सगळ्यांना सांगायला आलोय. यात्री निवासाच्या मालकांकडं गेलो, त्यांच्या फोनवर अकाऊंट उघडून डोमेन तिकडं ढकललं, पासवर्ड त्यांच्या खतावणीच्या मागच्या पानावर लिहून दिला. त्यांना मी स्वतःच सांगितलं की हे आधीच तुमच्या नावावर घ्यायला पायजे होतं. ते काही बोलले नाहीत, चहा मागवला आणि शेजारच्या दोन लॉजवाल्यांना तिथंच फोन लावले. वर्षाचं मेंटेनन्स ५,००० ठरलं, कागदावर सह्या झाल्या.

त्यातल्या एका लॉजला कोटेशन दिलं १९,००० चं, मराठी तपासणी धरून, काय मिळणार नाही ते पण लिहून. ते म्हणाले १२ करा. पूर्वी मी केलं असतं. ह्यावेळी मी म्हटलं १२ मधे ३ पानं आणि एकच भाषा होईल, सांगा. दोन दिवसांनी फोन आला, ५ पानं आणि मराठीच पायजे, म्हणून १९ ठरले. ४० टक्के म्हणजे ७,६०० काल जमा झाले. उद्यम नोंदणी झाली, सीएला भेटलो.

एक अडचण आहे, फोटोंसाठी खोल्या बघितल्या तर अंधाऱ्या आहेत, बोळातलं घर, उजेड येत नाही. कॅमेरावाला बोलवायचा तर त्यांचं बजेट नाही.

अक्षरवेडी
बोळात ज्या वेळेला वरनं ऊन उतरतं त्याच वेळेला जा. ट्यूबलाईट बंद कर, दार-खिडक्या सताड उघड, खिडकीच्या समोरच्या बाजूला पांढरी चादर धरायला एक माणूस उभा कर, उजेड परत खोलीत फिरतो. फोन छातीच्या उंचीवर, एकदम सरळ, कोपऱ्यातनं. पलंगावरच्या चादरी इस्त्री करून घे आधी. आणि खिडकीतनं देवळाचं शिखर दिसत असेल तर तो फोटो पहिल्या पानावर सगळ्यात वर टाक.